ती पत्रे लिहिणाऱ्यांचीही आहेत

जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात माझी नोकरी झाली. बस्त्यात कागद आहे, पण अर्जदाराला त्याची नक्कल मिळत नाही, म्हणजे त्याच्यापुरता तो कागद नाहीच, हे मी तिथे शिकलो. म्हणून एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्या पत्रव्यवहाराविषयी वाचू लागलो, तेव्हा त्या कागदांचे पुढे काय झाले याचाच शोध घेत राहिलो.

१७ फेब्रुवारी १९८० च्या रविवारी रोमेरो यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहिलेले पत्र मिस्सेत लोकांना वाचून दाखवले. तुम्ही ख्रिस्ती आहात, मानवी हक्कांचा पुरस्कार करता, तेव्हा आमच्या सरकारला लष्करी मदत देऊ नका, अशी त्यात विनंती होती. लोकांनी टाळ्या वाजवून संमती दिली आणि मगच पत्र रवाना झाले. एका आर्चबिशपने पत्र पाठवण्याआधी गोरगरिबांची मंजुरी घ्यावी, हे मला फार मोठे वाटते. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचे उत्तर आले, पण मदत थांबली नाही. २४ मार्चला एका रुग्णालयाच्या चॅपेलमध्ये मिस्सा अर्पण करताना रोमेरो यांना गोळी घातली गेली.

हे पत्र गाजले. खेड्यापाड्यांतून रोमेरो यांच्याकडे आलेली पत्रे मात्र कमी लोकांना ठाऊक आहेत. कुणाचा मुलगा उचलून नेलेला, कुणाचा नवरा परतलेला नाही. पोलिसांकडे जाणेच जिवावर बेतणारे होते, म्हणून लोक आर्चबिशपना लिहीत. आठवडाभरातल्या मृतांची आणि बेपत्ता माणसांची नावे ते प्रवचनात वाचत आणि चर्चचे रेडिओ केंद्र ती घरोघर पोहोचवी.

पुढे १९८२ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी रिव्हेरा इ दामास यांनी याच कामासाठी ‘तुतेला लेगाल’ ही कचेरी उघडली. एल मोसोते आणि आसपासच्या गावांत लष्कराने डिसेंबर १९८१ मध्ये सुमारे हजार माणसे मारली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. त्या हत्याकांडाची नावनिशीवार नोंद या कचेरीने केली. ३० सप्टेंबर २०१३ रोजी महाधर्मप्रांतानेच ती अचानक बंद केली. कर्मचारी आले, तर कुलुपे बदललेली आणि दारात पहारेकरी. त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने यादवीतल्या अत्याचारांना सार्वत्रिक माफी देणाऱ्या १९९३ च्या कायद्याविरुद्धची याचिका दाखल करून घेतली होती.

कचेरीतले कागद जपून ठेवले आहेत, एवढे चर्चने म्हणून भागत नाही. २०१६ मध्ये माफीचा कायदा रद्द झाला आणि खटले पुन्हा उभे राहिले. २०२० मध्ये एल मोसोते खटल्याच्या न्यायाधीशांना लष्कराने आपल्या दप्तरात पाऊल ठेवू दिले नाही. सरकारी दप्तर असे बंद असताना चर्चकडचा कागद हाच नातेवाइकांचा पुरावा असतो. साक्षीदारांची नावे उघड होऊ नयेत, ही काळजी रास्त आहे. ती नावे झाकून नक्कल देता येते. आमच्याकडेही तशी देतात.

रोमेरो यांना २०१८ मध्ये संतपद मिळाले. ज्यांनी त्यांना पत्रे लिहिली, त्यांच्या वारसांना चर्चने प्रमाणित नक्कल विनामूल्य द्यावी आणि ती कशी मागायची, हे प्रत्येक चर्चच्या फलकावर लावावे.