तोंड उघडलं की बदली

सुरत म्हटलं की आपल्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. मला हल्ली दोन वेगळ्याच गोष्टी आठवतात.

२४ मे २०१९. सरथाणा भागातल्या 'तक्षशिला आर्केड'ला आग लागली आणि २२ जण गेले. बहुतेक माथ्यावरच्या बेकायदा मजल्यावर शिकवणीला आलेली मुलं. पुढे पालिकेच्या आणि अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. पण तो मजला काही एका रात्रीत उगवला नव्हता. कार्यालयातल्या एकाच्याही नजरेला तो पडला नसेल? पडला असेल तर तो बोलला का नाही?

उत्तर त्याच शहराने पुढच्या वर्षी दिलं. जुलै २०२०, करोनाची संचारबंदी. कॉन्स्टेबल सुनीता यादव यांनी नियम मोडणाऱ्यांना अडवलं. त्यांच्या मदतीला राज्यमंत्र्यांचा मुलगा धावला, त्यालाही त्यांनी सुनावलं. मुलाला अटक झाली, लगेच जामीनही मिळाला. बाईंची मात्र मुख्यालयात बदली, वर चौकशी! हे पाहून शेजारच्या टेबलावरचा कारकून काय शिकेल?

कायदा आहे ना, असं कुणी म्हणेल. ऐका तर. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार सत्येंद्र दुबे या अभियंत्याने पंतप्रधानांना कळवला. नाव गुप्त ठेवा म्हटलं, तरी पत्र नावासकट फिरलं. २००३ साली गयेत त्यांचा खून झाला. तपासात तो लुटारूंचा ठरला, पण देश हादरला. २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारीची सोय झाली, तीही केंद्राच्या नोकरांविरुद्धच्या तक्रारींपुरती. २०१४ साली संरक्षणाचा कायदा संमत झाला, पण तो लागू करण्याची अधिसूचनाच निघालेली नाही. म्हणजे सुरतेचा पोलीस काय नि डिचोलीचा तलाठी काय, दोघेही उघड्यावर.

आपण हसायचं कारण नाही. २२ नोव्हेंबर २००७ नंतरचं गोव्यातलं खाणकाम बेकायदा होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. २०१२ पर्यंत ट्रक आणि बार्ज धावतच होते. कागदांवर शिक्के मारणारे हात सरकारीच होते. त्यातल्या एखाद्याला बोलावंसं वाटलं असतं, तर पेडण्याहून काणकोणला बदली, एवढंच त्याच्या नशिबी होतं.

राज्याच्या नोकरांच्या सेवाशर्ती राज्याच्याच हातात असतात. मग दिल्लीची वाट कशाला? गोवा विधानसभेने स्वतःचा कायदा करावा. पुराव्यासह आलेली निनावी तक्रारही घ्यावी, चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराची बदली नको, आणि नाव फोडणाऱ्याला शिक्षा हवी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला एवढं तरी विचारा.