हेरकथेंतील शोध

भोरच्या बाजारांत घेतलेली एक जुनी हेरकथा उत्रोलीच्या मुलांत सध्यां हातोहात फिरत आहे. शास्त्रज्ञाचा शोध, भक्कम तिजोरी, आणि तो पळविण्यास टपलेले हेर! पालकांनीं ती हिसकावून घेऊं नये. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारानेंहि अनेकांस वाचनाची गोडी लाविली. मात्र शोधाचें मोल तिजोरींत असतें, ही समजूत मुलांनीं करून घेऊं नये. राँटजेन यांनीं १८९५ सालीं क्ष-किरण शोधिले, परंतु त्यांचें पेटंट घेतलें नाहीं. म्हणून जगांतील कोणत्याहि डॉक्टरास ते मोकळेपणें वापरतां आले. आज आपलें मोडलेलें हाड डॉक्टरांस दिसतें, त्यामागें हें औदार्य आहे. विद्या चोरास नेतां येत नाहीं, असें आपण म्हणतों. जी सर्वांस वाटून दिली, ती चोरणार तरी कोण?