तलावांच्या मुलखातली एक दिवसाची सहल

नागपूरहून रायपूर महामार्गाला लागल्यावर भंडाऱ्याजवळ वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या सुरू होतात आणि थोड्याथोड्या अंतराने पाणी दिसू लागते. भंडारा हा पूर्वीपासून तलावांचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया वेगळा झाला तेव्हा नवेगावबांध, नागझिरा, इटियाडोह ही नावाजलेली पाणस्थळे गोंदियाच्या वाट्याला गेली किंवा सीमेवर आली. नागपूरकर कुटुंबांच्या हिवाळी सहली बहुधा इकडेच निघतात. एका दिवसात चार ठिकाणे उरकायचा घाट मात्र हमखास फसतो. इथे एक तलाव आणि त्याच्या आसपासचे एखादे ठिकाण, एवढेच ठरवून निघावे.

यांतले बहुतेक तलाव माणसांनी बांधलेले आहेत. धानाला ऐन फुलोऱ्यात पाऊस दडी मारतो, म्हणून टेकड्यांवरून वाहून जाणारे पाणी अडवायचे. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनीची सवलत मिळे आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. उताराचा अंदाज घेऊन मातीची लांबलचक पाळ घालायची, जास्तीचे पाणी निघून जायला सांडवा ठेवायचा आणि खालच्या बांध्यांना पाणी सोडायला तुडुम बसवायचे. तुडुमाला वेगवेगळ्या उंचीवर भोके असतात. पाणी खाली उतरत जाईल तसे एकेक भोक उघडत जायचे. पुढे मालगुजारांनी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी, हे तलाव सांभाळले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी’ आणि बोलण्यात ‘मामा तलाव’ झाले. मुलांना पाळीवर नेऊन एका हाताला साठलेले पाणी आणि दुसऱ्या हाताला त्याच्या खालच्या पातळीवरची शेती दाखवली, तर पाटबंधाऱ्याचा अख्खा धडा पाच मिनिटांत समजतो.

या सगळ्यांत मानाचे पान नवेगावबांधला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या खिंडी बुजवून हा बांध घातला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदले आहे. बांधणारा माणूस पुढे लोकांच्या लेखी देव झाला. कोलासूर देवाचे ठाणे तलावाभोवतीच्या टेकडीवर आहे. भोवतालच्या सात टेकड्यांना लोक सातबहिणी म्हणतात. पाण्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. इतके मोठे पाणी असूनही ते एका नजरेत मावत नाही, कारण टेकड्यांमुळे त्याचे फाटे आत आत वळलेले आहेत. म्हणून हिलटॉप गार्डनची चढण चढून वरून पाहणे सोयीचे. लहान मुले असलेल्यांना बाग, झोपाळे आणि सावली आहे. नौकाविहार त्या दिवशी चालू आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदके उतरतात, आणि इथल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सालिम अली यांचे नाव आहे. भोवतालचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. मराठी वाचकाला मात्र नवेगावबांध भेटले ते मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतून. वनाधिकारी म्हणून ते इथे अनेक वर्षे राहिले. गावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याबरोबरच्या त्यांच्या रानातल्या भटकंतीने मराठी निसर्गलेखनाला केवढी तरी शब्दसंपदा दिली. सहलीला निघण्यापूर्वी त्यांचे एखादे पुस्तक घरात मोठ्याने वाचले गेले, तर तलावावर पोचल्यावर मोबाइल आपोआप खिशात राहण्याची थोडी तरी शक्यता असते.

नवेगावबांधला जोडून करायचे तर इटियाडोह. गाढवी नदीवरचे हे धरण गोठणगावजवळ आहे. पावसाळ्याच्या अखेरीस ते भरून वाहू लागले की बघ्यांची झुंबड उडते आणि तेव्हाच सांडव्याजवळ मुलांचा हात सोडू नये. खरे आकर्षण मात्र धरणाला लागून असलेली तिबेटी वसाहत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी मिळाल्या. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातल्या, धानशेतीच्या मधोमध प्रार्थनेच्या रंगीत पताका आणि बौद्ध मठ पाहून मुले चकित होतात. मठात पादत्राणे काढून शांतपणे जावे आणि फोटोसाठी आधी परवानगी घ्यावी. ऐन थंडीत गेल्यास वस्ती रिकामी वाटते, कारण बरीच कुटुंबे तेव्हा स्वेटर विकायला शहरोशहरी गेलेली असतात. त्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर शंकराचे देवस्थान आणि दर्गा दोन्ही आहेत. महाशिवरात्रीच्या यात्रेत तिथे पाय ठेवायला जागा नसते. यात्रा हाच बेत नसेल, तर ते दिवस टाळावेत.

नागझिऱ्याचा प्रकार वेगळा. १९७० पासूनचे हे अभयारण्य २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक याच रानात मुक्काम करून लिहिलेले. जंगलाच्या पोटात तलाव आहे आणि उन्हाळ्यात जनावरे तिथे पाण्यावर येतात. प्रवेश पिटेझरी, चोरखमारा अशा फाटकांतून, ठरल्या वेळी आणि आगाऊ नोंदणीनेच मिळतो. पावसाळ्यात सफारी बंद असते. वाघ दिसेलच या भरवशावर मुलांना नेले तर परतीचा प्रवास रुसव्याफुगव्यात जातो. गवे, चितळ, नीलगाय आणि रानकुत्री यांच्याकडे लक्ष वळवणे शहाणपणाचे. सफारी जमली नाही, तर तिरोडा तालुक्यातले बोदलकसा आणि चोरखमारा हे ब्रिटिश काळातले जलाशय आहेत. बोदलकशाला पाण्याकाठी राहण्याचीही सोय आहे.

गोंदिया शहराच्या बाजूला परसवाडा, झिलमिली या तलावांवर पक्षीनिरीक्षक जातात. याच भागात महाराष्ट्रातले शेवटचे सारस उरले आहेत. उडणाऱ्या पक्ष्यांतला हा सर्वांत उंच पक्षी, जवळजवळ माणसाएवढा, आणि बहुधा जोडीनेच दिसणारा. पावसाळ्यात तो चक्क धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून घरटे करतो. घरट्यापुरते धान जाते, तरी ते न मोडणारे शेतकरी इथे आहेत, म्हणूनच तो टिकून आहे. कीटकनाशके, विजेच्या तारा आणि आटत चाललेली पाणथळ जागा यांनी त्याची संख्या अगदी मोजकी करून ठेवली आहे. घरटे दिसले तर गाडीतून उतरू नये, दुर्बिणीतूनच पाहावे.

भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे चांदपूरचा जलाशय आणि हनुमान मंदिर अशी जोडसहल होते. दक्षिणेला पवनीत प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष आणि वैनगंगेचे घाट आहेत, गोसेखुर्द धरणही तिथून जवळच.

डिसेंबर-जानेवारी हा सर्वांत चांगला काळ. धान निघालेले असते, बांध्यांत लाखोळी हिरवी असते आणि रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे मिळतात. हे शिंगाडे आणि तलावातली मासळी यांवर ढिवर समाजाची कुटुंबे पोट भरतात, तेव्हा काठावर टाकलेल्या जाळ्यात मुलांना नाचू देऊ नये. याच दिवसांत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो. गावोगावी मांडवात रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. ते पाहायचे असेल तर सहलीचा एक दिवस वाढतो आणि अंगावर जाड कांबळे लागते. तसा बेत नसलेल्यांनी रायपूर महामार्गावरच्या साकोलीहून दुपारी चारच्या आत परतीची वाट धरावी. तिथून नागपूर सुमारे १०० किलोमीटर आहे आणि संध्याकाळी या महामार्गावर ट्रकांची रांग लागते.