नोत्र दामला तिकीट नाही, मग पैसे कशाचे देता?

पॅरिसला निघालेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला एक गोष्ट निघण्यापूर्वीच माहीत असावी, म्हणून हे लिहितो आहे. नोत्र दाम कॅथीड्रल आतून पाहायला एक पैसाही लागत नाही. मोठ्यांना लागत नाही, मुलांना लागत नाही, परदेशी पाहुण्यांनाही लागत नाही. तरीही फोनवर ‘नोत्र दाम तिकीट’ असं शोधलं की ‘रांगेत न थांबता प्रवेश’, ‘खात्रीशीर प्रवेश’, ‘मोजक्याच जागा शिल्लक’ अशा जाहिराती रांगेने समोर येतात. परक्या शहरात वेळ कमी असतो, बरोबर वयस्कर आई-वडील असतात, उन्हातान्हात तासभर उभं राहण्याची धास्ती असते. माणूस घाबरून पैसे भरतो. खुद्द कॅथीड्रलने मात्र वारंवार जाहीर केलं आहे की, आम्ही प्रवेशाचं तिकीट विकत नाही आणि आमच्या नावाने कुणी विकत असेल तर ती फसवणूक समजा.

प्रवेश मोफत असण्याचं कारण नीट समजून घ्या, म्हणजे जाहिरातीला भुलायला होणार नाही. फ्रान्समध्ये १९०५ साली धर्मसंस्था आणि शासन यांना वेगळं करणारा कायदा झाला. त्यानंतर जुनी कॅथीड्रलं शासनाच्या मालकीची राहिली आणि उपासनेसाठी ती चर्चच्या ताब्यात आली. या वास्तू पाहायला येणाऱ्यांकडून शुल्क घेऊ नये, हेही त्याच कायद्याने ठरवलं. म्हणून केवळ नोत्र दामच नव्हे, तर शार्त्र, रँस, आमियाँ इथली भव्य कॅथीड्रलंही कुणालाही विनामूल्य पाहता येतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या सांस्कृतिक मंत्री राशिदा दाती यांनी नोत्र दामला पाच युरो शुल्क लावावं आणि त्यातून देशभरच्या जुन्या चर्चवास्तूंची डागडुजी करावी, असं सुचवलं होतं. चर्चने त्याला विरोध केला. देवाच्या घराचं दार सगळ्यांना सारखंच उघडं असावं, ही त्यांची भूमिका होती आणि दार तसंच उघडं राहिलं.

आता रांगेबद्दल. ‘रांग टाळा’ म्हणणारं कुठलंही तिकीट घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: ही रांग कशाची आहे? मोठ्या वास्तूसमोर तीन प्रकारच्या रांगा असतात. पहिली तिकीटखिडकीची. दुसरी सुरक्षातपासणीची, म्हणजे पिशवी उघडून दाखवायची. तिसरी जागेची, म्हणजे आतली माणसं बाहेर पडतील तशी बाहेरची आत सोडायची. आगाऊ तिकिटाने टळते ती फक्त पहिली रांग. तपासणी पैसे भरलेल्याचीही होते आणि आत जागा नसेल तर पैसे भरलेल्यालाही थांबावं लागतं. नोत्र दामला तिकीटखिडकीच नाही, त्यामुळे ती पहिली रांगही नाही. मग विकणारा तुम्हाला नेमकं काय विकतो? बहुतेक वेळा बाहेरच्या चौकात उभं राहून इतिहास सांगणारा गाइड, किंवा फोनवर ऐकायचं ध्वनिमुद्रण, किंवा तुम्ही स्वतः दोन मिनिटांत फुकट करू शकला असता ते आरक्षण.

ते आरक्षण कसं करायचं ते सांगतो. कॅथीड्रलचं अधिकृत संकेतस्थळ आहे आणि ॲपही आहे. त्यावर त्या दिवसाची किंवा पुढच्या दोन दिवसांतली वेळ विनामूल्य राखून ठेवता येते. महिनाभर आधी आरक्षण होत नाही. तेव्हा मुंबईहून निघण्यापूर्वीच ‘जूनमधल्या अमुक तारखेची खात्रीशीर जागा’ कुणी देऊ केली, तर तिथेच सावध व्हा. सगळ्या वेळा भरलेल्या दिसल्या तरी हिरमुसू नका, थोड्या वेळाने पुन्हा पाहा, कारण दिवसभरात जागा मोकळ्या होत राहतात. आरक्षण मिळालंच नाही तरीही प्रवेश मिळतो. त्यासाठी वेगळी रांग असते. ती लांबून पाहिली की छाती दडपते, पण ती सरकत राहते, कारण तिथे पैशांची देवघेव नाही. शक्यतो सकाळी दार उघडताच जा, नाहीतर संध्याकाळी उशिरा. गुरुवारी कॅथीड्रल रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि दुपारची गर्दी तोवर ओसरलेली असते.

काही व्यावहारिक गोष्टी. सामानाच्या बॅगा घेऊन जाऊ नका. त्या आत नेता येत नाहीत आणि ठेवायला तिथे सोयही नाही. विमानतळावरून थेट येत असाल तर आधी हॉटेलवर सामान टाका. ज्यांना चालायला किंवा उभं राहायला त्रास होतो, त्यांनी संकोच न करता दाराशी असलेल्या कर्मचाऱ्यांना सांगावं. सोबतच्या तरुणांनी पुढे होऊन विचारावं, आई-बाबांना रांगेत ताटकळत ठेवू नये. प्रार्थना चालू असेल तर आवाज खाली ठेवा, फ्लॅश बंद करा, वेदीसमोरून ये-जा करू नका. पर्यटकांसाठी ती वास्तू असली तरी समोर बसलेल्यांसाठी ती उपासनेची जागा आहे.

पैसे वाचवा एवढंच सांगायचं असतं तर इथेच थांबलो असतो. पण खरी चिंता वेगळी आहे. रांग टाळायच्या घाईत आपण जे पाहायला आलो तेच घाईने उरकतो. आत जाऊन चार फोटो, एक सेल्फी, दहा मिनिटांत बाहेर. सात-आठ हजार किलोमीटर अंतर कापून आल्यावर हे बरं नव्हे.

म्हणून आत काय पाहायचं याची थोडी तयारी करून जा. या कॅथीड्रलचं बांधकाम ११६३ साली बिशप मोरिस द सुली यांच्या काळात सुरू झालं आणि पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चाललं. म्हणजे ज्यांनी पाया खोदला त्यांच्या नातवंडांनाही ते पूर्ण झालेलं पाहता आलं नाही. इमारत सुमारे १२८ मीटर लांब आहे आणि आतलं छत ३३ मीटर उंचावर आहे. इतक्या उंच भिंतींत इतक्या मोठ्या खिडक्या ठेवता आल्या, कारण छताचा भार बाहेरून कमानीसारख्या दगडी टेकूंनी पेलला आहे. आत जाण्याआधी किंवा बाहेर आल्यावर सेन नदीच्या काठाने मागच्या बाजूला एक फेरी मारा, म्हणजे ते टेकू दिसतील आणि आतल्या उजेडाचं कारण उमगेल.

१५ एप्रिल २०१९ च्या संध्याकाळी याच छताला आग लागली. छपराखालचा ओक लाकडाचा सांगाडा इतका दाट होता की त्याला ‘अरण्य’ असंच म्हणत. तो सगळा जळून गेला. व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने एकोणिसाव्या शतकात उभारलेला ९६ मीटर उंचीचा शिखरमनोरा कोसळला आणि दगडी छताला भोकं पडली. अग्निशमन दलाने दोन्ही मोठे मनोरे वाचवले, ख्रिस्ताचा म्हणून पूजला जाणारा काटेरी मुकुट बाहेर काढला. त्यानंतर सुमारे १५० देशांतल्या ३ लाख ४० हजार लोकांनी मिळून ८४.६ कोटी युरो दिले. सुतारांनी कुऱ्हाडीने ओक तासले, पाथरवटांनी दगड घडवले, आणि साडेपाच वर्षांहून थोड्या अधिक काळाने, ७ डिसेंबर २०२४ ला दार पुन्हा उघडलं. तुम्ही ज्या दारातून फुकट आत जाता, ते अशा लाखो अनोळखी माणसांनी तुमच्यासाठी उघडून ठेवलं आहे.

आत शिरल्यावर डावीकडून, म्हणजे उत्तरेकडून पुढे जायचं आणि दक्षिणेकडून परतायचं, असा मार्ग आखलेला आहे. धूर आणि शतकांची काजळी निघाल्यामुळे दगड आता फिकट, उजळ दिसतो. मधल्या चौकात पोचलात की थांबा आणि दोन्ही बाजूंना वर पाहा. तिथे सुमारे १३ मीटर व्यासाच्या दोन गोल रंगीत खिडक्या आहेत. उत्तरेकडच्या खिडकीतली बरीचशी काच तेराव्या शतकातलीच आहे. जवळच एका खांबाशी चौदाव्या शतकातली मेरी आणि बाळ येशूची मूर्ती आहे. आगीत तिच्या अगदी शेजारी छत कोसळलं, पण मूर्ती शाबूत राहिली. गायनस्थळाच्या भोवती दगडी भिंतीवर कोरलेली, रंगवलेली ख्रिस्तचरित्राची चित्रमालिका आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या भाविकालाही ती कळत असे. मुलांना ती दाखवा आणि त्यांनाच गोष्ट ओळखू द्या. पश्चिमेच्या दाराकडे वळून पाहिलंत तर जवळपास आठ हजार नळ्यांचा भव्य ऑर्गन दिसेल. आगीतून तो वाचला, पण शिशाच्या धुळीने माखला होता, म्हणून सुटा करून साफ करून पुन्हा जोडावा लागला. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर तो ऐकायला मिळण्याची शक्यता असते. हे सगळं पाहायला निदान तासभर तरी ठेवा.

आता पैसे कुठे द्यायला हवेत तेही सांगतो, कारण सगळंच फुकट आहे असं समजून गेलात तरी पंचाईत होईल. नोत्र दामचे मनोरे चढायचे असतील तर वेगळं तिकीट आहे आणि वेळ आधी राखावीच लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये मनोरे पुन्हा उघडले तेव्हा मोठ्यांसाठी तिकीट १६ युरो होतं. एकूण ४२४ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तेव्हा गुडघ्यांचा विचार करून ठरवा. मौल्यवान वस्तूंच्या दालनालाही निराळं शुल्क आहे. चालत पाच मिनिटांवर असलेल्या सँत-शापेलला तिकीट आहेच आणि तिथे वेळ ठरवून आगाऊ तिकीट घेणं खरोखर शहाणपणाचं आहे. काटेरी मुकुट ठेवण्यासाठी नवव्या लुई राजाने ते बांधवलं होतं. मात्र तिथेही सुरक्षातपासणीची रांग टळत नाही.

युरोपातल्या इतर शहरांतही हाच हिशेब करा. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्ये प्रवेश मोफत आहे. पैसे लागतात ते ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला. त्याच्या ४६३ पायऱ्या आहेत आणि ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं. मिलान आणि सेव्हिल इथे कॅथीड्रललाच तिकीट आहे, तिथे अधिकृत ठिकाणाहून आगाऊ घेतलं तर तिकीटखिडकीची रांग खरंच वाचते. लंडनच्या सेंट पॉल्समध्ये पर्यटक म्हणून जाताना तिकीट लागतं, पण संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला कुणीही विनामूल्य बसू शकतं.

तिकीट विकणाऱ्याला, मग तो संकेतस्थळ असो, टूर कंपनी असो की चौकात ओळखपत्र गळ्यात अडकवून फिरणारा माणूस असो, चार गोष्टी विचारा. वास्तूचं स्वतःचं शुल्क किती? त्यावर तुमचं किती? नेमकी कुठली रांग टळणार? आणि प्रवेश नाकारला गेला तर पैसे परत मिळणार का? उत्तर सरळ आलं नाही तर सरळ पुढे चालू लागा. चांगला गाइड घेणं चुकीचं नाही. जाणकार माणूस वास्तू बोलकी करतो आणि त्याच्या कष्टाचे पैसे त्याला मिळायलाच हवेत. पण ते पैसे गाइडचे आहेत, दाराचे नाहीत, हे तुम्हाला माहीत असावं. आपल्याकडच्या सहल कंपन्यांनाही विनंती आहे. कार्यक्रमपत्रिकेत ‘नोत्र दाम’ लिहिताना आतून दाखवणार की बाहेरून, आणि प्रवेश मोफत आहे की नाही, हे स्पष्ट छापा. ग्राहकांनीही बुकिंगच्या वेळी हे विचारून घ्यावं.

रांगेत उभं राहणं आपल्या लोकांना नवं नाही. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं दहा वर्षांनी येणारं दर्शन सी कॅथीड्रलमध्ये होतं. गोव्यातली आणि महाराष्ट्रातली असंख्य कुटुंबं त्यासाठी शांतपणे रांगेत उभी राहिली. हाच झेवियर तरुणपणी पॅरिसमध्ये शिकला आणि १५३४ साली तिथल्याच मोंमार्त्र टेकडीवर त्याने इग्नेशियस लोयोला आणि इतर सोबत्यांबरोबर व्रत घेतलं. पॅरिस दूर असेल, पण अगदीच परकं नाही.

तेव्हा एवढं करा. पॅरिसला पोचण्याच्या आदल्या दिवशी अधिकृत ॲपवर फुकट आरक्षण करा, नाही मिळालं तर सकाळी लवकर जाऊन रांगेत उभे राहा. आई-वडिलांसाठी कुणी परस्पर तिकीट काढत असेल तर त्याला आधी थांबवा. दलालाला देणार होतात त्यातले थोडे पैसे मनापासून वाटलं तर आतल्या दानपेटीत टाका, ते त्या वास्तूच्या कामी येतील. आणि पॅरिसला निघालेलं कुणी ओळखीत असेल तर त्यांना आजच फोन करून सांगा: नोत्र दामला तिकीट नाही.