मोटारीची परतीची हमी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या खरवईत दोन विषयांना भरती येते. एक फराळाचा आणि दुसरा ‘यंदा कुठे?’ हा. पूर्वी या दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असत. मामाचे गाव, गणपतीपुळे, महाबळेश्वर. कुणी फारच धीट निघाला तर काश्मीर. अलीकडे मात्र ज्यांच्या दारात मोटार उभी राहिली आहे त्यांच्याकडून एक नवेच उत्तर ऐकू येऊ लागले आहे : ‘गाडी घेऊन परदेशी!’ सकाळी खरवईहून बदलापूर स्टेशन गाठताना ज्या गृहस्थाला रिक्षांच्या गर्दीत घाम फुटतो, तोच गृहस्थ संध्याकाळी चहा घेता घेता फ्रान्सच्या रस्त्यावर उजव्या बाजूने मोटार कशी हाकावी याची चर्चा करतो. यात हसण्यासारखे काही नाही. मध्यमवर्गाच्या सहली आधी चहाच्या टेबलावरच होतात, आणि त्यांतल्या काही पुढे खरोखरीच्याही होतात.

तेव्हा आधी व्यवहाराचे पाहू. मुंबईच्या धक्क्यावर मोटार बोटीवर चढवावी, आपणही मुलाबाळांसह त्याच बोटीवर बसावे आणि परक्या किनाऱ्यावर तिच्यासकट उतरावे, असे करता येते काय? येत नाही. मोटार जाते, पण माल म्हणून, पोलादी कंटेनरात बंद होऊन; आणि मालक विमानाने तिच्यापुढे जाऊन परक्या बंदरात तिची वाट पाहत बसतो. समुद्रापलीकडचा आपला जवळचा शेजारी म्हणजे श्रीलंका. 2023 च्या 14 ऑक्टोबरला तमिळनाडूतील नागपट्टणमहून तिकडच्या कांकेसंतुरईला बोट सुरू झाली खरी, पण ती माणसांची. मोटारीला तिच्यावर जागा नाही.

म्हणून ज्याला या प्रवासाची चव घ्यायची आहे त्याने आधी कोकणात जावे. दाभोळहून धोपाव्याला मोटारी पलीकडे नेणारी बोट 2003 साली सुरू झाली, आणि दापोलीहून गुहागरला जाणाऱ्यांचा चिपळुणाचा वळसा वाचला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी मोठी बोट 2020 च्या मार्चमध्ये सुरू झाली. ती तासाभरात अलिबागच्या अंगाला नेऊन सोडते. आणि 2024 च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर बोट सुरू झाली. ही तर आमच्या घरचीच म्हणायची. कारण बदलापुरावरून वाहत जाणारी उल्हास नदी ज्या खाडीतून समुद्राला मिळते, तीच ही वसईची खाडी.

कोकणात अशा बोटीला ‘जंगल’ म्हणतात. ‘गाडी जंगलवर घाला’ असे तिथला माणूस सहज म्हणतो, आणि शहरातला पाहुणा झाडे शोधू लागतो. या जंगलचा झाडांशी काही संबंध नाही. दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकल्या की पूर्वी ‘जंगाल’ तयार होई, आणि त्यावरून बैलगाडीसुद्धा पलीकडे जाई. केरळात अशाच जोडहोडीला ‘चंगाडम’ म्हणतात, पोर्तुगीजांनी त्याचे ‘जंगाडा’ केले, आणि या सगळ्यांच्या मुळाशी ‘एकत्र जोडणे’ या अर्थाचा संस्कृत ‘संघाट’ आहे असे सांगतात. आपला जंगालही त्याच घराण्यातला असावा. प्रवाशाला मराठीत ‘उतारू’ असाही एक जुना शब्द आहे. मोटार जंगलवर चढली की तीही उतारू होते. इंजिन बंद, चाके स्थिर. हाकणारा आणि जिला हाकायचे ती, दोघेही स्वस्थ.

हाच जंगल दहापटींनी वाढवा, त्याला मजले चढवा, उपाहारगृह आणि दुकान द्या, म्हणजे इंग्लंडातील डोव्हरहून फ्रान्समधील कॅलेला जाणारी बोट होईल. आमच्याकडच्या घरांतून इंग्लंडात गेलेली मुले जी ‘गाडी घेऊन परदेशी’ची सहल करतात, ती बहुधा याच वाटेने. ही सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे अवघी 33 किलोमीटर. बोटीला वेळ लागतो सुमारे दीड तास. आरंभी या वाटेवर मोटार नेणे हे श्रीमंतांचे काम होते. मोटारी यारीने उचलून बोटीवर ठेवीत आणि त्याचे भाडे भरमसाट असे. ते न पटल्यामुळे स्टुअर्ट टाउनसेंड नावाच्या कप्तानाने 1928 साली कोळसा वाहणारी एक जुनी बोट घेऊन स्वस्तात मोटारी न्यायला सुरुवात केली. आज बोटीचे तोंडच उघडते आणि मोटारी रांगेने तिच्या पोटात शिरतात.

पोटात शिरल्यावर मोटार गिअरमध्ये ठेवायची, हातब्रेक ओढायचा, चोरघंटा बंद करायची आणि आपण कोणत्या मजल्यावर कोणत्या जिन्याशी मोटार ठेवली ते नीट ध्यानात धरून वर जायचे. बोट सुटल्यावर खाली जाऊ देत नाहीत. मुलांची लोकरीची टोपी, आजीची औषधाची डबी, सगळे आधीच वर न्यावे. नियम कडक आहेत आणि त्यांच्यामागे जिवांचे मोल आहे. 6 मार्च 1987 रोजी बेल्जममधील झेब्रुग्ग बंदरातून एक इंग्लिश बोट पुढचे दार न लावताच सुटली. पाणी मोटारींच्या मजल्यावर घुसले, बोट कलंडली आणि 193 माणसे गेली. दार लागले की नाही हे कप्तानाला समोरच्या दिव्यावरून कळावे, ही व्यवस्था त्यानंतर सक्तीची झाली.

कागदपत्रांचीही एक पिशवी लागते. मोटारीच्या नोंदणीचे मूळ पुस्तक हवे, विमा परमुलखात चालतो याची खात्री हवी. मागे देशाची खूण हवी. इंग्लंडच्या मोटारींवर पूर्वी ‘जीबी’ असे, 28 सप्टेंबर 2021 पासून ‘यूके’ आहे. इंग्लंडात आपल्यासारखेच डावीकडून चालतात आणि फ्रान्समध्ये उजवीकडून. त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्यांचा झोत बदलावा लागतो. मोटार बंद पडली तर मागे ठेवण्याचा लाल त्रिकोण आणि अंगात घालायचे चकाकते जाकीट फ्रान्समध्ये जवळ असलेच पाहिजे. आणि ज्याच्या खिशात आपला भारतीय पासपोर्ट आहे त्याला, इंग्लंडात राहत असला तरी, फ्रान्ससाठी शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. तो तपासायला फ्रान्सचे अधिकारी डोव्हरलाच बसलेले असतात.

कुणी हौशी म्हणेल, ‘मी भाड्याची किंवा मुलाची मोटार नेणार नाही, माझीच इथून नेईन.’ त्याने अवश्य न्यावी. जगभर नेणारे भारतीय आहेत. परवान्याच्या कचेरीतून एका वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. मोटारीला मात्र अनेक देशांत ‘कार्नेट’ नावाचा दस्तऐवज लागतो, आणि मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते ती हीच. 1919 साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मुंबईची संस्था तो देते. कार्नेटच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. मोटार देशात शिरली की अधिकारी एक भाग फाडून घेतो, बाहेर पडली की दुसरा. तिसरा शिक्क्यांसह आपल्याजवळ राहतो. मुदत एक वर्षाची. मोटार त्या देशात विकली जाणार नाही, ठरल्या मुदतीत बाहेर पडेल, याची ती हमी असते. आणि त्या हमीपोटी आधी भक्कम रक्कम किंवा बँकेची जामीनकी ठेवावी लागते. मोटार परत आली, शिक्के जुळले, की जामीन सुटतो. नाही आली तर तिची जकात त्या जामिनातून वसूल होते.

म्हणजे चार चाकांचे एक यंत्र समुद्रापलीकडे पाठवायचे तर सरकार विचारते : ‘हे परत येणार याची हमी काय?’ आणि मूल पाठवायचे तेव्हा?

आमच्या शेजारच्या गावची एक कथा या ठिकाणी आठवते. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 साली कलकत्त्याहून आगबोटीने अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. समुद्र ओलांडणे हेच तेव्हा पाप होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूरला सभेपुढे उभे राहून त्यांनी आपण का जातो ते सांगितले, आणि हिंदू म्हणूनच जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. तो त्यांचा कार्नेटच होता. 1886 साली पदवी घेऊन त्या परत आल्याही. पण क्षयाने पोखरलेला देह घेऊन, आणि 1887 च्या फेब्रुवारीत पुण्याला वारल्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला. त्याची किंमत काय पडली, हे शिक्का मारणाऱ्याने कधी पाहिले नाही.

आज मुलांकडून कुणी असा शब्द घेत नाही, आणि घेऊही नये. शिष्यवृत्ती मिळते, नोकरी लागते, विमानतळावर डोळे पुसले जातात, आणि पुढची दहा वर्षे ‘परत कधी?’ हा प्रश्न घरात कुणी मोठ्याने विचारत नाही. गमत अशी की हमी मागितली जाते ती आईबापांकडून! मुलाला भेटायला जायचे म्हटले की व्हिसाच्या अर्जात घराचे कागद, बँकेचे पुस्तक, पेन्शनचा दाखला जोडायचा; आपण नक्की परत येऊ हे पटवून द्यायचे. मोटारीला कार्नेट, आईबापांना व्हिसा. बिनहमीचा तेवढा मुलगाच.

आमच्या इमारतीतले काका-काकू दोन वर्षांपूर्वी असेच इंग्लंडला गेले होते. मुलाने आपल्या मोटारीत बसवून त्यांना डोव्हरवरून फ्रान्स दाखवला. परतल्यावर मी विचारले, ‘काकू, सगळ्यांत काय आवडलं?’ मला वाटले, पॅरिसचे काही सांगतील.

‘बोट,’ काकू म्हणाल्या. ‘मोटारीत आम्ही मागे. सहा दिवस मला त्याची मान दिसत होती आणि आरशात डोळे. बोलायचं तर तो म्हणे, आई, आता बोलू नकोस, वळण आहे. बोटीवर मात्र दीड तास समोर बसला होता. हातात चाक नाही, काही नाही.’

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तिथंच विचारलं मी त्याला. म्हटलं, तू परत येणार आहेस का रे?’

‘मग?’

‘म्हणाला, बाबा, मला माहीत नाही.’

मी काकूंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, ‘सात वर्षं नुसतं ‘बघू’ म्हणत होता. ‘माहीत नाही’ हे तरी खरं बोलला. त्या रात्री ह्यांना बऱ्याच दिवसांनी झोप लागली.’

या सहलीची जाहिरात करताना कुणी ही गोष्ट सांगत नाही, म्हणून मी सांगतो. मोटारीचा प्रवास हा मोठा मौजेचा, पण त्यात सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला असतात. एकमेकांकडे पाहणे त्यात जमत नाही. मोटारीच्या या प्रवासात सक्तीने थांबायला लावणारी जागा ही बोटच. तिथे चालवणाऱ्याला चालवता येत नाही, रस्ता चुकत नाही, आणि खाली जायचे दारही बंद असते. घरात जे विचारायला वेळ सापडत नाही ते विचारायला याहून चांगली दीड तासाची कोठडी कुठे मिळणार? त्या वेळात दुकानात चॉकलेटे धुंडाळू नयेत आणि मोबाइलमध्येही पाहू नये. खुर्च्या समोरासमोर ओढाव्यात.

अर्थात त्यासाठी कॅलेच गाठले पाहिजे असे नाही. ज्यांची मुले अजून दहावी-बारावीत आहेत, ज्यांच्या घरातून अजून कुणी गेलेले नाही, त्यांनी या सुट्टीत मोटार काढून धोपाव्याचा जंगल गाठावा, नाहीतर वसईची खाडी ओलांडावी. वेळ थोडा मिळेल, पण सराव होईल. उद्या मुलगी म्हणेल, ‘बाबा, मला तिकडे शिकायला जायचंय,’ तेव्हा तिच्याकडून परतीची हमी मागू नये. मोटारीला ती मागतात, कारण मोटारीला स्वतःचे मन नसते. मुलीला एवढेच सांगावे, की जे काय ठरेल, न ठरेल, ते आम्हांला समोर बसून सांग. आम्ही ऐकून घेऊ. आणि हे सांगण्यासाठी एखादी खाडी ओलांडावी लागली, तर दिवाळीच्या सुट्टीत तेवढे पेट्रोल जाळायला हरकत नाही.