मुक्या सोबत्यांचा खाऊ आणि आपलें कर्तव्य

मालवणच्या किनाऱ्यावर सकाळीं रापण ओढली जात असतां जो कोणी क्षणभर थांबला असेल, त्यानें माणसांच्या घोळक्यामागें बसलेला दुसरा एक घोळकाहि पाहिला असेल. कावळे, मांजरें आणि कुत्रे आपापल्या वांट्याची वाट पाहत तेथें बसलेलीं असतात. जाळ्यांतून निसटलेली एखादी पेडवी किंवा टाकून दिलेलें माशाचें डोकें त्यांस मिळतें, आणि तेवढ्यावर त्यांचा दिवस निघतो. ह्या कुत्र्यांना मालक नाहीं. तरी रात्रीं किनाऱ्यावर ओढून ठेविलेल्या होड्यांपाशीं परका मनुष्य आला तर प्रथम भुंकतात तेच. त्यांचें दुखलें खुपलें तर विचारणारें मात्र कोणी नसतें.

ह्याच विषयावर एक सूचना विद्यार्थीबंधुभगिनींपुढें आणि पालकांपुढें मांडावी, असा ह्या लेखाचा हेतु आहे. आपल्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी खाद्यपदार्थांचीं दुकानें मांडलीं जातात. त्यांत एक दुकान असें असावें कीं, जेथें विद्यार्थ्यांनीं स्वहस्तें घरीं केलेला कुत्र्यामांजरांचा खाऊ विकला जाईल. आणि त्याचें सर्व उत्पन्न गांवांतील जनावरांच्या आरोग्याकरितां, प्रथमतः मोकाट कुत्र्यांस पिसाळ रोगाची, म्हणजे रेबीजची, लस टोचण्याकरितां खर्च व्हावें. ही कल्पना मीं मैत्रिणींना सांगितली तेव्हां त्या मनमुराद हसल्या. मलाहि पूर्वी हसूं आलें असतें. तें कां येत नाहीं, तें सांगतें.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या भावास अंगणांत आलेलें एक पिल्लूं चावलें. खेळतां खेळतां लागलेले दोन दांत आणि रक्ताचा एक थेंब, एवढेंच तें निमित्त. आजीनें लगबगीनें जखमेवर चुना आणि हळद लाविली. शेजारच्या काकू तिखटाची पूड घेऊन आल्या. बाबा घरीं आले ते प्रथम रागावले आणि मग घाबरले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखालीं पंधरा मिनिटें धुवावयास पाहिजे होती, आणि नेमकें तेवढेंच कोणी केलें नव्हतें. त्याच संध्याकाळीं त्याला दवाखान्यांत नेलें व लस टोचण्यास आरंभ झाला. डॉक्टरांनीं पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावयास सांगितलें, आणि तें काम माझ्याकडे आलें. रोज शाळेंत जाण्यापूर्वी मी परसांत जाऊन तें उठतें कीं नाहीं, पाणी पितें कीं नाहीं, हें पाहत असें. दहाव्या दिवशीं तें शेपूट हलवीत पुढें आलें, तेव्हां आई ओट्यावर मटकन बसली आणि रडूं लागली. त्या पिल्लाला आधींच लस टोचलेली असती, तर डॉक्टरांकडे जावें लागलें असतेंच. परंतु आमच्या घराचे ते दहा दिवस तसे गेले नसते.

हा रोग असा आहे कीं, त्याचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं म्हणजे मृत्यु जवळजवळ अटळच. उलट पक्षीं, वेळेवर लस घेतली तर तो टळतो. लुई पाश्चर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर ह्या नऊ वर्षांच्या मुलास ही लस प्रथम टोचविली आणि तो मुलगा वांचला. ह्या गोष्टीला आज एका शतकाहून अधिक काळ लोटला आहे. तरीहि ह्या रोगानें जगांत दरवर्षी सुमारें ५९,००० माणसें मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. संशयित जनावरें ज्यांस चावतात, त्यांपैकीं शेंकडा ४० पंधरा वर्षांखालील मुलें असतात. तेव्हां हा प्रश्न मोठ्या माणसांचा आहे, आपला नव्हे, असें आपणां विद्यार्थ्यांस म्हणतां येणार नाहीं. माणसांतील जवळजवळ सर्व रोग कुत्र्यांपासून येतो; आणि एखाद्या प्रदेशांतील शेंकडा ७० कुत्र्यांस लस दिली तर रोगाची साखळी तुटते, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें आहे.

हें नुसतें पुस्तकी गणित नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यानें तें करून दाखविलें आहे. तेथें २०१४ च्या सुमारास ‘मिशन रेबीज’ ह्या संस्थेनें राज्य सरकारच्या साहाय्यानें लसीकरणाची मोहीम हातीं घेतली. पुढें वर्षास सुमारें ९५,००० कुत्र्यांस लस टोचण्यांत येऊं लागली. आणि वर्षास सुमारें दीड लाख मुलांना, कुत्र्यांशीं कसें वागावें व ते चावल्यास काय करावें, ह्याचें शिक्षण देण्यांत आलें. परिणामीं कुत्र्यांमधील हा रोग शेंकडा ९२ नीं घटला. २०१८ पासून पुढें कांहीं वर्षें तेथें एकहि मनुष्य ह्या रोगानें दगावला नाहीं. आणि २०२१ सालीं गोवा सरकारनें आपलें राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर केलें. तेरेखोलच्या नदीपलीकडे जें झालें तें अलीकडे कां होऊं नये? शिवाय रोग सरहद्द जाणत नाहीं. आपण स्वस्थ बसलों तर शेजाऱ्यांचेहि श्रम वायां जाण्याचा धोका आहे.

जनावराचें आरोग्य आणि माणसाचें आरोग्य हीं वेगळीं नव्हेत, हें आपल्या जिल्ह्यास दुसऱ्या वाटेनेंहि कळलेलें आहे. २०१६ सालीं दोडामार्ग तालुक्यांत माकडतापाची साथ आली. तो ताप गोचिडीच्या चाव्यानें येतो, आणि रानांत चरणारीं गुरें त्या गोचिडी घराच्या उंबरठ्यापर्यंत आणतात. २०२२ सालीं महाराष्ट्रांत गुरांवर लम्पी चर्मरोगाची धाड आली, तेव्हां गोठ्यांतील एक गाय गेली म्हणजे घराचें काय होतें, हें अनेक शेतकऱ्यांनीं भोगलें. म्हणून दुकानाचें उत्पन्न वाढलें तर पुढच्या वर्षी गोठ्याकडेहि वळतां येईल. तूर्त कुत्र्यांपासून आरंभ करावा, हें बरें.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, माणसांस पोटभर अन्न मिळत नाहीं तेथें कुत्र्यांचे लाड कशाला? ह्याचें उत्तर असें कीं, हा खाऊ लाडक्या कुत्र्याचा, पण पैसा बेवारशी कुत्र्याचा आहे. ज्याच्या घरीं पाळीव कुत्रा आहे, त्याच्या हौसेंतून चार पैसे काढून ज्याला कोणी नाहीं त्याच्यावर ते खर्चावयाचे, आणि त्यायोगें रस्त्यावर खेळणाऱ्या गरिबाच्या मुलाचें रक्षण करावयाचें. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. आजच्या काळीं ती तुपाची वाटी म्हणजे लसीची कुपी होय, असें मला वाटतें.

दुसरा आक्षेप असा कीं, मोकाट कुत्रे मारून टाकले म्हणजे प्रश्नच मिटला. हा उपाय मुंबईंत फार पूर्वी करून पाहण्यांत आला. १८३२ सालीं सरकारनें कुत्रे मारण्याचा सपाटा लाविला तेव्हां पारशी समाज खवळला आणि शहरांत दंगा झाला. दोनच वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई आणि इतर व्यापारी ह्यांनीं तेथें पांजरपोळ उभारली, व तिच्या खर्चाकरितां व्यापाऱ्यांनीं आपल्या मालावर अल्पशी पट्टी बसवून घेतली. पुढें १८८३ सालीं दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या देणगींतून, त्यांच्या पत्नी साकरबाई ह्यांच्या नांवें, परळ येथें जनावरांचें इस्पितळ निघालें. तें आजहि चालू आहे. आजचा कायदाहि सरसकट संहाराचा नाहीं. २०२३ च्या नियमांत निर्बीजीकरण आणि लसीकरण हाच मार्ग सांगितला आहे. आपलें दुकान पेटिटांच्या देणगीच्या पासंगालाहि पुरणार नाहीं. परंतु मालावरील त्या पट्टीशीं त्याचें नातें निश्चित आहे.

खाऊ कसा करावा, हेंहि सांगितलें पाहिजे; कारण दयेच्या पोटीं अज्ञानानें अपाय व्हावयाचा. दोन वाट्या नाचणीचें पीठ, एक वाटी उकडून कुसकरलेला तांबडा भोपळा, एक अंडें, आणि मीठ न लावतां वाळविलेल्या जवळ्याची पूड दोन चमचे, इतकें साहित्य पुरे. पीठ घट्ट मळून, पातळ लाटून, लहान चौकोन कापावे व मंद आंचेवर कडक होईपर्यंत भाजावे. ओलसर राहिले तर आपल्या दमट हवेंत त्यांस लवकरच बुरशी येईल. मीठ, साखर, मसाला ह्यांतलें कांहींहि घालूं नये. आपल्याकडे मालवणी मसाल्यावांचून पदार्थ उतरत नाहीं हें खरें, पण येथें हात आवरावा. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकोलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासारखे आहेत, आणि शिजविलेलीं हाडें मोडून घशांत किंवा आंतड्यांत रुततात. खाऊ हें जेवण नव्हे. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून तो अधिक देऊं नये. प्रत्येक पुडीवर साहित्य आणि तयार केल्याची तारीख लिहिलेली असावी.

पैशाच्या बाबतींतहि असाच चोखपणा हवा. समजा, एका पुडीस दहा रुपये खर्च आला व ती तीस रुपयांस विकली, तर शंभर पुड्यांमागें दोन हजार रुपये उरतात. खर्च वजा जातां काय उरलें व तें कोठें गेलें, हें शाळेच्या फलकावर लागलें पाहिजे. हिशेब न देतां गोळा केलेला धर्मादाय पैसा पुढच्या वर्षीच्या दात्याला दूर लोटतो. लस टोचण्याचें काम मात्र विद्यार्थ्यांचें नव्हे. कुत्रे पकडणें हें शिकलेल्या माणसांचें काम आहे, आणि लस २ ते ८ अंश उष्णतामानांत न ठेविल्यास निरुपयोगी होते. म्हणून ती सर्व व्यवस्था सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्यानेंच व्हावी. आपण पैसा जमवावा, आळीआळींतील कुत्र्यांची गणती करून द्यावी, आणि जखम धुण्याचा नियम प्रत्येक घरीं पोंचवावा. हें तिसरें काम फुकट होणारें आहे आणि कदाचित् सर्वांत मोलाचें आहे.

पालकांस नम्र विनंति एवढीच कीं, मुलांनीं एके दिवशीं नाचणीचें पीठ आणि स्वयंपाकघर मागितलें तर रागावूं नये. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. पुढील वर्षी त्याच दिवशीं ह्या कामास आरंभ करावा. आमच्या परसांतलें तें पिल्लूं आतां मोठें झालें आहे आणि त्याला लस टोचलेली आहे. बंदरावर बसलेल्या त्याच्या भाऊबंदांना ती अद्याप मिळावयाची आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता १० वी