नवी नोकरी आणि घरावरील जुने कर्ज

नोकरी बदलली, वेतन वाढले, की कुटुंबाचे लक्ष सर्वप्रथम गृहकर्जाच्या हप्त्याकडे वळते. दुसरी बँक कमी व्याज आकारते असे कानावर येते आणि कर्ज तिकडे हलविण्याचा विचार घरात मूळ धरतो. विचार रास्त असतो. पाहावयाची असते ती वेळ.

नवी बँक जुने कर्ज फेडते आणि घर स्वतःकडे तारण ठेवून घेते. तिच्या दृष्टीने हे नवेच कर्ज असल्याने वेतनपावत्या, फॉर्म १६, खातेउतारे आणि नोकरीचे स्थैर्य यांची तपासणी पुन्हा होते. परिवीक्षेचा काळ चालू असताना केलेला अर्ज त्यामुळे पुष्कळदा अडतो. शिवाय प्रत्येक अर्जाची नोंद कर्जदाराच्या पतअहवालात होते. म्हणून एकाच वेळी चार बँकांची दारे ठोठावण्यापेक्षा नोकरी कायम झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत थांबणे श्रेयस्कर.

तोवर जुन्या बँकेस लेखी विनंती करता येते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानदंडाशी जोडली गेली आहेत. त्यापूर्वीचे कर्ज जुन्याच पद्धतीत असेल, तर अल्प शुल्क भरून ते नव्या पद्धतीत आणता येते. दरात कपात मिळाली, तर कर्ज हलविण्याची गरजच उरत नाही.

हलवावयाचेच ठरले, तर आधी हिशेब मांडावा. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाची तपासणी आणि मुद्रांक शुल्क यांचा भार पडतो. समजा, ३० लाख रुपये बाकी आहेत, १५ वर्षे उरली आहेत आणि व्याजदर ९ टक्के आहे. हप्ता सुमारे ३०,४२८ रुपये होतो. साडेआठ टक्क्यांनी, तेवढ्याच मुदतीत, तो २९,५४२ होईल आणि एकूण सुमारे १ लाख ६० हजार रुपये वाचतील. याच दराने मुदत २० वर्षांची केली, तर हप्ता २६,०३५ वर येईल. मात्र जुन्या कर्जाच्या मानाने एकूण सुमारे ७ लाख ७१ हजार रुपये अधिक द्यावे लागतील. हलका हप्ता म्हणजे स्वस्त कर्ज नव्हे, हे या आकड्यांवरून उघड होते.

वाढलेल्या वेतनाचा पहिला विनियोग म्हणून सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम बाजूस ठेवावी. नवी नोकरी मानवली नाही, तरी घराचा आधार डळमळणार नाही. सहकर्जदार पत्नी किंवा वडील असतील, तर त्यांनाही हे सर्व आकडे आधी दाखवावेत. सही त्यांचीही लागते आणि जबाबदारीही त्यांच्यावर तितकीच असते.